अमेरिकेचा अध्यक्ष कोण निवडतो?

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी बोनसवर, कंत्राटी कामगारांवर किंवा नव्या श्रमसंहितांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीचे नाव काढताच एका चालकांनी मोठ्या सौजन्याने विचारले, "त्याचा नि आपला काय हो संबंध?" संबंध आहे, आणि तो पुढे आपोआप दिसेल. त्याआधी एक गोष्ट कबूल करून टाकतो. मी निःपक्षपाती माणूस नाही. माझे शिक्षण नववीपर्यंत. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. तीस वर्षे एका बाजूने भांडलेल्या माणसाने तराजू हातात धरून उभे राहण्याचे सोंग आणू नये. माझी बाजू अशी, की ज्याला मत आहे त्याला ते टाकता आलेच पाहिजे, मग तो ते माझ्याविरुद्ध टाको. ही बाजू नेहमीच मला सांभाळता आली असे मात्र नाही. तेही सांगणार आहे.

प्रथम यंत्र समजून घेऊ. अमेरिकेचा अध्यक्ष म्हणजे आपल्या राष्ट्रपतींसारखा केवळ घटनात्मक प्रमुख नव्हे. सैन्य, परराष्ट्रव्यवहार, मंत्री नेमणे, कायद्याला नकार देणे, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सुचवणे, हे सारे त्याच्याकडे. असा बलाढ्य माणूस जनता थेट निवडत असेल असे आपण समजतो. ती तसा निवडत नाही. जनता आपापल्या राज्यात 'निर्वाचक' निवडते आणि निर्वाचक अध्यक्ष निवडतात. प्रत्येक राज्याचे जितके प्रतिनिधी अमेरिकन काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, तितके निर्वाचक. अधिक वरच्या सभागृहाचे दोन. राजधानीच्या शहराला १९६१च्या घटनादुरुस्तीने तीन मिळाले. एकूण ५३८, ज्याला २७० मिळाले तो अध्यक्ष. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली तर बाकी सर्वत्र नियम असा, की राज्यात ज्याला एक मत जास्त त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक. हरलेल्याची लाखो मते तिथेच राहतात.

प्रत्येक राज्याला दोन निर्वाचक फुकट मिळत असल्यामुळे लहान राज्याचे पारडे जड होते. वायोमिंगमध्ये सुमारे एक लाख नव्वद हजार माणसांमागे एक निर्वाचक पडतो. कॅलिफोर्नियात सुमारे सात लाख तीस हजारांमागे एक. म्हणजे वायोमिंगच्या एका माणसाचे वजन कॅलिफोर्नियाच्या जवळजवळ चौघांएवढे. १८२४, १८७६, १८८८, २००० आणि २०१६ अशा पाच वेळा ज्याला देशात कमी मते पडली तो मनुष्य अध्यक्ष झाला. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २९ लाख मते अधिक पडली होती.

हे असे का केले, याची उत्तरे पाठ्यपुस्तकांत पुष्कळ आहेत. शहाण्या माणसांनी शांतपणे निवड करावी, दूरच्या माणसाला उमेदवार ठाऊक नसतात, वगैरे. पण १७८७च्या घटना परिषदेत जेम्स मॅडिसन यांनी एक कारण उघड बोलून दाखवले. थेट जनतेने निवड करणे योग्य खरे. परंतु दक्षिणेकडे मताधिकार थोड्यांना, कारण तिकडची पुष्कळशी वस्ती गुलामांची. थेट मतदान झाले तर दक्षिणेचा प्रभाव पडणार नाही. तोड अशी निघाली, की प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे धरावीत. त्या गुलामांना मत शून्य. पण त्यांच्या डोक्यांच्या हिशेबाने मालकाच्या राज्याला प्रतिनिधी जास्त आणि म्हणून निर्वाचकही जास्त. आपल्याकडे कंत्राटदार हजेरीपटावर ज्या माणसांची नावे दाखवून बिल काढतो, पगार मात्र त्यांना देत नाही, त्यातलाच हा प्रकार. पहिल्या छत्तीस वर्षांपैकी बत्तीस वर्षे व्हर्जिनियाचा कोणी ना कोणी गुलाममालक अध्यक्ष होता, यात आश्चर्य कसले?

यादवी युद्ध झाले, गुलामगिरी १८६५ साली रद्द झाली, आणि १८७०च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने सांगितले की वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणाने कोणाचे मत नाकारता येणार नाही. ही वार्ता पुण्यापर्यंत पोचली होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापले तेव्हा ते अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले त्यांना अर्पण केले. त्या वेळी दक्षिणेतल्या राज्यांत काळी माणसे रांगेत उभी राहून मत देत होती, निवडून येत होती, काँग्रेसमध्येही बसत होती. जोतीरावांचा आनंद अनाठायी नव्हता.

पण अर्पणपत्रिकेची शाई वाळते न वाळते तोच १८७६ साल आले. (आपल्या न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याला वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ची, म्हणजे आपण करीत आहोत हा उद्योगही त्याच काळातला.) त्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे टिल्डन यांना देशात सुमारे अडीच लाख मते अधिक मिळाली. निर्वाचक त्यांच्याकडे १८४, हवे होते १८५. रिपब्लिकन हेज यांच्याकडे १६५. वीस निर्वाचकांबद्दल तंटा. त्यातले एकोणीस फ्लोरिडा, लुइझियाना आणि साउथ कॅरोलायना या दक्षिणी राज्यांतले, जिथे काळ्या मतदारांना मारझोड करून, गोळ्या घालून मतदानापासून हाकलले होते, आणि मोजणाऱ्यांनीही आपापले हात मारले होते. पंधरा जणांचा आयोग नेमला. त्यात रिपब्लिकन आठ, डेमोक्रॅट सात. प्रत्येक वादाचा निकाल आठ विरुद्ध सात. हेज अध्यक्ष झाले. आणि १८७७ साली दक्षिणेच्या राजधान्यांतून सरकारी सैन्य काढून घेण्यात आले. ज्याच्या मतावरून एवढा तंटा झाला त्या काळ्या मतदाराला वाटाघाटीच्या टेबलापाशी कोणी खुर्ची दिली नव्हती.

सैन्य गेल्यावर काय झाले ते थोडे सावकाश पाहण्यासारखे आहे. कारण मत काढून घेण्याची कला इतक्या निगुतीने दुसरीकडे कुठे विकसित झाली असेल असे मला वाटत नाही. पंधरावी दुरुस्ती घटनेत तशीच राहिली. तिचे एक अक्षर कोणी पुसले नाही. मिसिसिपी राज्याने १ नोव्हेंबर १८९० रोजी नवी राज्यघटना मंजूर केली. (त्याच महिन्याच्या २८ तारखेला जोतीराव वारले.) त्या घटनेत 'काळा' हा शब्द मतदाराच्या व्याख्येत सापडायचा नाही. तिने एवढेच म्हटले, की मतदाराने दोन डॉलर डोईपट्टी भरलेली असावी. मागील दोन्ही वर्षांची, आणि निवडणुकीच्या वर्षी १ फेब्रुवारीच्या आत. निवडणूक नोव्हेंबरात. उमेदवार कोण हे ठरायच्या आधी कर भरा आणि पावत्या सांभाळून ठेवा. वाट्याने शेती करणाऱ्याच्या हातात वर्षातून एकदा, कापूस उतरल्यावर पैसा येतो, आणि तोही बहुधा मालकाच्या दुकानाच्या वहीत वळता होतो. फेब्रुवारीत त्याच्याकडे दोन डॉलर कुठले? अलाबामात तर थकबाकी साठत जाई, ती छत्तीस डॉलरांपर्यंत चढे. शिवाय वाचता आले पाहिजे, किंवा वाचून दाखवलेल्या कलमाचा 'वाजवी अर्थ' सांगता आला पाहिजे. वाजवी कोणता ते नोंदणी अधिकारी ठरवणार. मिसिसिपीच्या घटनेत कलमे २८५. गोऱ्या अर्जदारापुढे एका ओळीचे कलम ठेवायचे, काळ्यापुढे वकिलाला घाम फोडणारे.

लुइझियानाने १८९८ साली यावर कळस चढवला. अशा परीक्षांत गरीब, निरक्षर गोरेही अडकू लागले होते. म्हणून कायद्यात सवलत ठेवली की १८६७च्या आरंभी ज्याच्या बापाला किंवा आजाला मताधिकार होता त्याला परीक्षा माफ. आजा गुलाम असेल तर? तर वाचा कलम. लुइझियानात १८९६ साली १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते. १९०० साली ५,३२० उरले. सर्वोच्च न्यायालयाने ही आजोबांची सवलत १९१५ साली रद्द केली, पण डोईपट्टी आणि परीक्षा राहिल्या. १९२०च्या दुरुस्तीने स्त्रियांना मत मिळाले; दक्षिणेतल्या काळ्या स्त्रीला ते कागदावरच मिळाले.

आता माझी कबुली. हे डोईपट्टीचे प्रकरण मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. काही वर्षांपूर्वी आमच्या एका युनियनच्या कार्यकारिणीची निवडणूक होती. समोरचे पॅनेल जोरात होते, आणि त्याचा जोर होता बदली कामगारांत व नव्याने सभासद झालेल्या पोरांत. युनियनच्या घटनेत एक जुना नियम होता, तीन महिन्यांची वर्गणी थकली तर मत नाही. तो कोणी कधी वापरला नव्हता. आम्ही तो शोधून काढला. बदली कामगाराला महिन्यात दहा दिवस काम मिळते. थकबाकी त्याचीच असणार हे आम्हांला ठाऊक होते. सव्वाशेच्या आसपास नावे यादीतून कमी झाली. नोटीस फलकावर रीतसर लावली होती, चार दिवस आधी. मी एकेचाळीस मतांनी निवडून आलो. नियमाबाहेर आम्ही काहीही केले नव्हते. एक पोरगा मतदानाच्या दिवशी फाटकाशी उभा राहून मला म्हणाला, "अण्णा, मागच्या संपात पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या तेव्हा नाही विचारली वर्गणी." मी त्याला काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा नियम सांगितला असेल.

म्हणून मिसिसिपीच्या नोंदणी अधिकाऱ्याबद्दल बोलताना मी जरा जपून बोलतो. तो राक्षस नसेल; नियम सांगणारा माणूस असेल.

आता एका बाईंची हकीकत. फॅनी लू हेमर, जन्म १९१७, वीस भावंडांत धाकटी, सहाव्या वर्षापासून कापूस वेचणारी. मिसिसिपीतल्या एका मळ्यावर अठरा वर्षे काम केलेली. तिथे त्या हजेरी आणि वजनाची नोंद ठेवीत. काळ्या माणसाला मत देता येते हेच त्यांना चव्वेचाळिसाव्या वर्षी एका सभेत कळले. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी अठरा जण एक जुनी बस करून सव्वीस मैलांवरच्या इंडियानोला गावी नाव नोंदवायला गेले. परीक्षेत नापास झाले. परतताना पोलिसांनी बस अडवून ड्रायव्हरला दंड केला. गुन्हा काय, तर बसचा रंग चुकीचा! हेमरबाई घरी पोचतात तो मालक दारात. अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. त्यांनी सांगितले की नाव मी तुमच्यासाठी नोंदवायला गेले नव्हते, माझ्यासाठी गेले होते. त्याच रात्री त्यांना घर सोडावे लागले. पुढच्या जानेवारीत त्या परीक्षा पास झाल्या. मग मतदानाला गेल्या तेव्हा त्यांच्याकडे डोईपट्टीच्या दोन पावत्या मागितल्या. जून १९६३मध्ये विनोना गावच्या तुरुंगात पोलिसांनी दोन काळ्या कैद्यांकडून त्यांना चामडी दंडुक्याने इतके मारवले की मूत्रपिंडाची इजा जन्मभर राहिली.

पुढचे वर्ष अध्यक्षीय निवडणुकीचे. १९६४च्या उन्हाळ्यात उत्तरेकडून विद्यार्थी मिसिसिपीत मतदार नोंदवायला आले. पहिल्याच दिवसांत, २१ जूनला, चेनी, गुडमन आणि श्वेर्नर या तीन तरुण कार्यकर्त्यांचा खून झाला. डेमोक्रॅटिक पक्षाचे राज्यातले प्रतिनिधिमंडळ केवळ गोऱ्यांचे. तेव्हा हेमरबाई व त्यांच्या सोबत्यांनी स्वतंत्र पक्षशाखा काढली आणि ऑगस्टात ॲटलांटिक सिटीच्या अधिवेशनात जाऊन आमचे प्रतिनिधी बसवा अशी मागणी केली. समितीपुढे बाई कॅमेऱ्यासमोर बोलू लागल्या. अध्यक्ष लिंडन जॉन्सन स्वतः उमेदवार. दक्षिणेतले गोरे प्रतिनिधी उठून जातील ही त्यांना धास्ती. त्यांनी तातडीने पत्रकारांना बोलावले, त्यासरशी दूरचित्रवाणीचे कॅमेरे तिकडे वळले. पण वाहिन्यांनी रात्री बाईंचे भाषण पुन्हा दाखवले आणि घरोघरी ते पाहिले गेले. तडजोड पुढे आली ती दोन जागांची. ती मान्य करा म्हणून सांगणाऱ्यांत कामगार चळवळीतले वजनदार पुढारीही होते. वॉल्टर रूथर यांच्याबद्दल मला आदर आहे, मोटार कामगारांसाठी त्यांनी मिळवलेले करार मी अभ्यासले आहेत. पण ह्या एका प्रसंगी ते चुकले असे माझे मत आहे. हेमरबाईंनी दोन जागा नाकारल्या.

नोव्हेंबरात जॉन्सन यांनी ४४ राज्ये जिंकली. मिसिसिपीत मात्र त्यांचे प्रतिस्पर्धी गोल्डवॉटर यांना ८७ टक्के मते पडली. त्या राज्यात जवळपास चाळीस टक्के माणसे काळी होती, आणि त्यांतल्या नोंदणीला पात्र असलेल्यांपैकी शंभरी सात सुद्धा मतदारयादीत नव्हती. 'मिसिसिपीचा कौल' म्हणून वर्तमानपत्रांनी जो आकडा छापला तो कोणाचा कौल होता?

त्यानंतर सेल्मा. अलाबामाच्या त्या तालुक्यात मतदानाच्या वयाचे सुमारे १५,००० काळे, पैकी नोंदलेले तीन-साडेतीनशे. नोंदणी कचेरी महिन्यातून दोनच सोमवारी उघडे. ज्याने मजुरी बुडवून रांगेत उभे राहायचे आणि दुपारी जेवणाची सुट्टी झाली म्हणून परत यायचे, त्याला ह्या दोन सोमवारांचा अर्थ मी समजावून सांगण्याची गरज नाही. ७ मार्च १९६५ रोजी सहाशे माणसे एडमंड पेटस पुलावरून चालत निघाली. पलीकडे घोडेस्वार आणि अश्रुधूर. जॉन लुइस या तरुण पुढाऱ्याची कवटी फुटली. पुढे ते तीस वर्षांहून अधिक काळ काँग्रेसचे सभासद होते. ते दृश्य देशाने पाहिले आणि ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकाराच्या कायद्यावर जॉन्सन यांची सही झाली.

ह्या कायद्यातली खरी गोम पाचव्या कलमात होती. ज्या राज्यांचा इतिहास वाईट, त्यांनी निवडणुकीच्या नियमात काहीही बदल करायचा, अगदी मतदानकेंद्र एका शाळेतून दुसऱ्या शाळेत न्यायचे, तरी आधी वॉशिंग्टनची मंजुरी घ्यायची. बदलाने कोणाचे नुकसान होत नाही हे राज्याने सिद्ध करायचे. कामगार कायद्यात ज्याने काम केले आहे त्याला ह्याचे महत्त्व चटकन कळेल. आधी नोकरीवरून काढायचे आणि मग कामगाराने पंधरा वर्षे कोर्टात जायचे, की काढण्यापूर्वी मालकाने परवानगी मागायची? दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मिसिसिपीत १९६७ पर्यंत साठ टक्क्यांच्या जवळ काळे मतदार यादीवर आले. दोन-अडीच वर्षांत!

त्याबरोबर पक्षांचीही अदलाबदल झाली. लिंकनचा रिपब्लिकन पक्ष हा एकेकाळी काळ्यांचा, आणि दक्षिणेतले डेमोक्रॅट त्यांचे छळक. १९६४-६५नंतर दक्षिणेतले गोरे हळूहळू रिपब्लिकन पक्षाकडे गेले. तेव्हा एका पक्षाला देव आणि दुसऱ्याला दैत्य ठरवू पाहणाऱ्याने आधी साल विचारावे.

२००० सालची निवडणूक आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. सारे फ्लोरिडावर येऊन ठेपले आणि तिथे जॉर्ज बुश ५३७ मतांनी पुढे. भोके पाडायच्या मतपत्रिका, अर्धवट लोंबणाऱ्या कागदाच्या टिकल्या, आणि भिंगातून पाहणारे अधिकारी, ही चित्रे छापून आली. फेरमोजणी सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबरला पाच विरुद्ध चार मतांनी थांबवली. चित्रांत न आलेली गोष्ट निराळी होती. शिक्षा भोगलेल्या माणसाचा मताधिकार फ्लोरिडात जन्मभर जाई, आणि अशा लोकांची म्हणून केलेली यादी इतकी ढिसाळ होती, की केवळ नाव जुळले म्हणून भलत्याच माणसांवर काट मारली गेली. त्यांत काळ्यांचे प्रमाण फार. २०१८ साली फ्लोरिडाच्याच जनतेने सुमारे पासष्ट टक्के मतांनी हा नियम बदलला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने त्यात भर घातली, की आधी सगळे दंड आणि कोर्टखर्च भरा. डोईपट्टीचे नाव बदलले, पावती तीच.

मग २५ जून २०१३. शेल्बी तालुक्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, की कोणत्या राज्यांना पूर्वमंजुरी लागू करायची ते ठरवणारे कोष्टक जुन्या आकड्यांवर आधारलेले आहे, सबब ते रद्द. कोष्टक गेले म्हणजे पाचवे कलम निकामी. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचे म्हणणे, परिस्थिती सुधारली आहे. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी निकालपत्रात विचारले, की पावसात आपण भिजत नाही म्हणून छत्री फेकून द्यायची काय? छत्री फेकली आणि त्याच दिवशी टेक्सासने आपला अडवून ठेवलेला ओळखपत्राचा कायदा लागू होत असल्याचे जाहीर केले. त्यात पिस्तूल बाळगण्याचा परवाना ओळख म्हणून चाले, सरकारी विद्यापीठाचे ओळखपत्र चालत नसे. नॉर्थ कॅरोलायनाचा असाच कायदा २०१६ साली अपील न्यायालयाने रद्द केला. काळ्या मतदारांना नेमके हेरून तो बेतला आहे असा ठपका ठेवून.

आता समोरच्यांची बाजू. ते म्हणतात, खोटे मतदान होते, मेलेल्यांची नावे यादीत असतात, ओळख मागितली तर बिघडले काय? प्रश्न गैर नाही. आपणही ओळखपत्र दाखवूनच मत देतो. पण आपल्याकडे सरकारचा माणूस घरी येऊन नाव लिहून नेतो आणि मतदार ओळखपत्र सरकारच देते. तिकडे बहुतेक राज्यांत नागरिकाने स्वतः अर्ज करायचा, कागद स्वतः जमवायचे. ज्याच्याकडे मोटार आहे त्याच्याजवळ परवाना असतोच. नसतो तो बसने फिरणाऱ्या म्हाताऱ्या बाईकडे. आणि दुसऱ्याचे नाव घेऊन मत देण्याचे प्रकार तिथे शोधूनही इतके थोडे सापडले आहेत, की त्यासाठी लाखोंना अडवणे म्हणजे उंदरासाठी कोठार पेटवणे होय.

ह्या आरोपाची कसोटी २०२० साली लागली. बायडेन ३०६ विरुद्ध २३२ निर्वाचकांनी आणि सुमारे सत्तर लाख मतांनी निवडून आले. ट्रम्प यांच्या बाजूने साठांहून अधिक दावे गुदरले गेले आणि जवळजवळ सगळे फेटाळले गेले. फेटाळणाऱ्यांत ट्रम्प यांनीच नेमलेले न्यायाधीशही होते. जॉर्जियात फरक होता ११,७७९ मतांचा. २ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प यांनी तिथल्या निवडणूक अधिकाऱ्याला फोन करून ११,७८० मते शोधून काढायला सांगितले. तो अधिकारी, ब्रॅड रॅफन्सपर्गर, त्यांच्याच पक्षाचा. त्याने नकार दिला. मला फाटकावरचा तो पोरगा आठवला, आणि रॅफन्सपर्गर यांच्या जागी मी असतो तर, असाही विचार मनात आला. चार दिवसांनी काँग्रेसच्या इमारतीवर जमाव चालून गेला. मार्चमध्ये जॉर्जियाने नवा कायदा केला. त्यात मतदानाच्या रांगेत उभ्या असलेल्याला कोणी पाणी वा खायला देणे हा गुन्हा ठरवला.

२०२४ साली ट्रम्प ३१२ निर्वाचकांनी निवडून आले, आणि ह्या खेपेस देशातही त्यांना सुमारे तेवीस लाख मते जास्त होती. माझ्या ओळखीच्या काही पुरोगामी मंडळींनी लगेच यंत्रांवर संशय घेतला. मला तो मुळीच पसंत नाही. निकाल आवडला नाही म्हणून मोजणी खोटी ठरत नाही. हे चार वर्षांपूर्वी दुसऱ्यांना ऐकवले, ते आता आपण ऐकावे. मतदारसंघ कापण्यातही दोन्ही पक्ष तरबेज आहेत. २०२५ साली टेक्सासने मध्येच नकाशा बदलून रिपब्लिकनांची सोय केली, तर कॅलिफोर्नियाने उलट नकाशा करून डेमोक्रॅटांची. कॅलिफोर्नियाने निदान जनतेचा कौल तरी घेतला, एवढाच फरक.

एक गोष्ट राहिली, ती आपल्या धंद्याची. अमेरिकेत अध्यक्षाचे मतदान मंगळवारी होते, १८४५चा कायदा. त्या काळी शेतकरी रविवारी चर्चला जात आणि घोडागाडीने तालुक्याच्या गावी पोचायला दिवस लागे, म्हणून मंगळवार. आज घोडागाडी नाही, पण मंगळवार आहे, आणि देशव्यापी सुट्टी नाही. काही राज्यांत मालकाने दोन तास द्यावे असा नियम, काहींत तोही नाही. दोन पाळ्या करणारा माणूस चार तासांच्या रांगेत कसा उभा राहणार?

आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला तेव्हा निरक्षराला मत कशाला हाच आक्षेप होता. आपल्या घटनेच्या ३२६व्या कलमाने परीक्षा आणि पट्टी दोन्ही मोडीत काढल्या. पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ साली, सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गाळावी लागली, कारण त्यांनी 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले होते. सुकुमार सेन यांनी अशी नावे घालायचे नाकारले आणि पुढच्या खेपेस बायकांनी आपली नावे सांगितली.

आणि सुट्टी? लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली १३५ब हे कलम आले. मतदानाच्या दिवशी दुकान, कारखाना, आस्थापना कोणतीही असो, मतदाराला भरपगारी सुट्टी. रोजंदारीवाल्याला सुद्धा त्या दिवसाचा रोज. मोडणाऱ्या मालकाला दंड पाचशे रुपयांपर्यंत. मागच्या निवडणुकीत एका कारखान्याच्या फाटकावर मी सकाळी उभा होतो. कायम कामगार घरी होते; कंत्राटी माणसे आत चालली होती. मी सुपरवायझरला कलम दाखवले. तो म्हणाला, "साहेब, सुट्टी दिली आहे ना, फलकावर लावली आहे. ज्याला हवी त्याने घ्यावी. उद्या कामावर घ्यायचे की नाही ते कंत्राटदार बघेल." आणि आमच्या भागातले ऊसतोडीवाले तर दिवाळीनंतर टोळ्या करून दीड-दोनशे कोसांवर फडात गेलेले असतात, त्यांचे नाव गावच्या यादीत, कोयता दुसऱ्या जिल्ह्यात. पाचशे रुपयांच्या दंडाची एकही पावती मी अजून पाहिलेली नाही. त्या दिवशी दुपारी आम्ही तीन टेम्पो केले आणि पाळी सुटल्यावर सहाच्या आत जितकी माणसे केंद्रावर पोचवता आली तितकी पोचवली. कोणाला मत देणार हे एकालाही विचारले नाही. तिसरा टेम्पो सहा वाजून दहा मिनिटांनी पोचला.